ताडोबा पाहून झाल्यावर हेमलकशाची वाट

मंगळवारी ताडोबा बंद असतो. रजा, रेल्वेची तिकिटं, मुलांच्या परीक्षा असा सगळा मेळ घालून चंद्रपुरात उतरलेल्या मंडळींना हे बरेचदा तिथं पोहोचल्यावर कळतं. मग लॉजच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "इथं आणखी बघण्यासारखं काय?" उत्तरही ठरलेलंच, महाकालीचं देऊळ. देऊळ बघाच. पण गावातून बल्लारपूरकडे निघणारा रस्ता पुढं वैनगंगा ओलांडून, आलापल्लीच्या सागवनातून थेट हेमलकशाला जातो, हे त्या काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही.

ताडोब्याला नावं ठेवायची नाहीत. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांवरच्या गर्दीने किती गावांची चूल पेटते ते तिथल्या गाइडला विचारा. पण ज्यांना जंगल हवं असतं त्यांच्या पदरात तिथं अनेकदा फक्त 'साईटिंग' पडतं. वाघ दिसला की जिप्सींची रांग, न दिसला की उतरलेले चेहरे. साडेतीन-चार तासांच्या सफारीत एकदाही गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही, हा नियम बरोबरच आहे. फक्त त्यामुळे जंगल आपल्या बाजूने सरकत राहतं आणि आपण त्यात नसतो. ज्याला हे खटकलं असेल त्याच्यासाठी हा लेख. ज्याला वाघच हवा आहे त्याने पुढची सफारी बुक करावी आणि इथंच थांबावं. हेमलकशाच्या वाटेवर वाघ दिसेल असं वचन कुणी देऊ शकत नाही.

पहिला हिशेब दिवसांचा. हातात एकच मोकळा दिवस असेल तर हेमलकशाचं नाव काढू नका. चंद्रपूर ते हेमलकसा अंतर नकाशावर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास दिसतं, पण जाऊन-येऊन करायचा तो रस्ता नाही. त्या एका दिवसात चंद्रपूरच बघा. कोळसा खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्रामुळे या गावाचं नाव धुराशी जोडलं गेलंय. त्या धुराआड गोंडराजांचं जुनं शहर अजून उभं आहे. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातलेला परकोट, त्याचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, अंचलेश्वराशेजारी राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी. सुमारे ११ किलोमीटरच्या या तटावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ पासून 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी कुऱ्हाडी-कोयते घेऊन बुरूजामागून बुरूज मोकळा केला. त्यामुळे आता तटावरून चालता येतं. पहाटे बाहेर पडा, नऊच्या आत परता; चंद्रपूरचं ऊन फेब्रुवारीतच डोळे वटारायला लागतं. संध्याकाळी गावाबाहेर जुनोन्याच्या गोंडकालीन तलावाकाठी बसा. पाणपक्षी असतात, शांतता असते आणि त्यासाठी परमिट लागत नाही. अंधार पडायच्या आत मात्र उठा, कारण ते सगळं वाघाचंच रान आहे.

हेमलकशासाठी किमान तीन मोकळे दिवस लागतात. एक जायला, एक तिथं राहायला, एक परतायला. चार मिळाले तर उत्तम. त्याहून कमी वेळात जाऊन आलेले लोक मला भेटलेत. त्यांना रस्त्याचे खड्डे तपशीलवार आठवतात, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि ती निघण्याआधीची. हेमलकशात हॉटेल नाही. तिथं लोक बिरादरी प्रकल्प आहे. दवाखाना, निवासी शाळा, प्राणी अनाथालय आणि ते चालवणाऱ्यांची घरं असा तो परिसर. पाहुण्यांची सोय आहे, पण मोजकी. राहायचं असेल तर प्रकल्पाच्या कार्यालयाशी आधी संपर्क करून तारीख पक्की करा, किती जण, किती लहान मुलं, कधी पोहोचणार हे सांगा आणि होकार आल्याशिवाय निघू नका. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांत आणि २३ डिसेंबरच्या वर्धापनदिनाच्या आसपास जागा मिळणं कठीण. हिवाळ्यात तिथं शस्त्रक्रियांची शिबिरंही होतात. बाहेरून डॉक्टर मंडळी येतात, आसपासच्या गावांतले आणि सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधले रुग्ण आपापल्या नातलगांसह येतात. त्या काळात आपण सहलकरी म्हणून खोली अडवू नये, इतकं आपल्याला न सांगता कळावं. खोली नाही मिळाली तर आलापल्ली किंवा अहेरीला मुक्काम करून दिवसभरासाठी जाता येतं. तिथं साधे लॉज आहेत आणि वनविभागाची विश्रामगृहं आहेत. विश्रामगृहाचं आरक्षणही आधीच करावं लागतं.

ऋतूचं गणित सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून जा. रात्री थंडी चांगलीच पडते, स्वेटर विसरू नका. मार्चमध्ये साग पानं टाकतो, जंगल विरळ आणि तपकिरी दिसतं, पण याच दिवसांत मोह फुलतो. पहाटे झाडाखाली टोपली घेऊन फुलं वेचणाऱ्या बायका-मुलं दिसतात, गाडीची काच खाली केली की वास आत येतो. मोहाच्या त्याच फुलांवर अस्वलंही येतात, हे लक्षात ठेवून उगाच पायवाटांनी आत शिरू नका. मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. अख्खी गावं पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधायला आणि संध्याकाळी फळीवर मोजणीला. वर्षाची मोठी कमाई त्या थोड्या दिवसांत होते. बघण्यासारखं असतं, पण पारा पंचेचाळीसच्या वर असतो. लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना घेऊन जाऊ नये. आणि पावसाळा? जंगल सर्वांत देखणं तेव्हाच असतं, हे खरं. पण नाल्यांना पूर आला की रस्ता बंद. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधली पर्लकोटा नदी दरवर्षी पुलावरून वाहायची, भामरागड दिवसच्या दिवस तुटायचं, गावात पाणी शिरायचं. तिथं उंच पूल झाला तरी वाटेतले नाले आहेतच. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन अडकलात तर तुमच्या सुटकेसाठी तिथल्या यंत्रणेला धावावं लागेल, आणि त्याच वेळी एखाद्या बाळंतिणीला नदीपार आणायचं काम त्यांच्यासमोर असू शकतं. नका जाऊ.

आता रस्ता. नागपूरहून येत असाल तर वाटेत वरोरा लागतं. तिथं आनंदवनात तासभर थांबा. हेमलकशाची गोष्ट तिथून सुरू होते. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसोबत उभं केलेलं ते गाव आधी पाहिलं की पुढचं नीट कळतं. रेल्वेने येणाऱ्यांनी चंद्रपूर किंवा बल्लारशाह स्टेशनला उतरावं. दोन्ही स्टेशनांच्या भिंतींवर वाघ, बिबटे आणि जंगलाची चित्रं रंगवलेली आहेत, गाडीला उशीर असला तर वेळ बरा जातो. एसटीने जायचं तर अहेरी हे आगार. चंद्रपूर, बल्लारपूर आणि गडचिरोलीहून अहेरीला गाड्या आहेत, पुढं भामरागडची गाडी पकडायची. ती हेमलकशावरूनच जाते. वेळापत्रक आदल्या दिवशी अहेरी आगारात विचारून घ्या, मोबाइलवर दिसतं त्यावर विसंबू नका. स्वतःची गाडी असेल तर हवा, स्टेपनी, जॅक तपासून निघा आणि शेवटची टाकी आलापल्लीत भरा. रोख पैसेही तिथंच काढून ठेवा. पुढं नेटवर्क येतं-जातं, आणि ते आलंच पाहिजे असा हट्ट सोडला की प्रवास सुखाचा होतो.

बल्लारपूर सोडताना उजव्या-डाव्या हाताला कागद कारखान्याचा पसारा दिसतो. दक्षिणेकडच्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं इथंच येऊन कागद झाला. तुम्ही ज्या जंगलाकडे निघालात त्याचा शहराशी संबंध असा जुना आहे. कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. आष्टी ते आलापल्ली या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक तुमच्या सोबतीला असतील. लाल धूळ, ओव्हरटेक करायला जागा नाही, रस्ता मध्येच उखडलेला. हिरव्या शांततेच्या शोधात निघालेल्याला हा भाग कडू वाटतो, आणि वाटावाच. शांतता ही इथं अशीच, खाणीच्या शेजारी राहते. ते न दाखवणारी रंगीत पत्रकं वाचून येऊ नका. पहाटे लवकर निघालात तर ट्रकांचा त्रास थोडा कमी होतो.

आष्टीच्या जवळच वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते. संगमालगतचं चपराळा अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. तिथं फारसं कुणी जात नाही, त्यामुळेच जावं. चितळ, नीलगाय, रानकोंबड्या आणि नदीकाठी पक्षी. प्रशांतधामच्या देवळात दर्शनाला येणारे भाविक सोडले तर गर्दी नाही.

आलापल्लीत पोहोचाल तेव्हा चहा आणि आलुबोंडा घेऊन थोडं फिरा. इंग्रजांच्या काळापासून या गावाचं जगणं सागवानाभोवती गुंफलेलं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये इथल्या जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून मिरवणुकीने गेलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तो साग जिवंत, उभा, कुणी न तोडलेला बघायचा असेल तर भामरागड रस्त्यावर पंधरा-सोळा किलोमीटर पुढं या. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' अशी पाटी दिसेल. सुमारे सहा हेक्टरांचा हा तुकडा वनविभागाने तसाच राखला आणि २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. सहा हेक्टर म्हणजे फार काही नाही, दहा मिनिटांत आरपार जाता येतं. पण जाऊ नका आरपार. एक तास द्या.

त्या तासाचं काय करायचं ते सांगतो. आत शिरल्यावर आधी गप्प उभे राहा, कारण वाहनाचा आवाज कानातून जायलाच पाच मिनिटं लागतात. मग वर बघा. आपल्याकडच्या रोपवनातला साग सरळ, एकसारखा, रांगेत. इथला साग तसा नाही. बुंधा दोघा-तिघांच्या कवेत न मावणारा, खाली खोल पन्हळी पडलेला, आणि पहिली फांदी इतक्या उंचीवर की मान दुखते. त्याच्या शेजारी ऐन आहे. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, एकदा हात फिरवला की पुन्हा कधी ओळखायला चुकत नाही. बिजा आहे, वेली आहेत, पडून कुजत असलेले ओंडके आहेत आणि त्यांच्यावरच्या अळंब्या. सागाचं कोवळं पान मिळालं तर बोटांत चुरडून बघा, बोटं लाल होतात. पावसाळा संपतानाच्या दिवसांत हीच पानं किड्यांनी खाऊन नुसती शिरांची जाळी उरलेली असते, जमिनीवर पडलेलं एखादं उन्हासमोर धरा. शेकरू इथं दिसतं, पण ते शोधायचं नसतं. वरून काहीतरी कुरतडलेलं खाली पडतं, तेव्हा मान वर करायची. मुलांना हे सगळं ताडोब्याच्या जिप्सीतून करता येत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत मोलाचं ठिकाण हेच आहे. झाडांवर नावं कोरणारे महाभाग इथंही पोहोचलेले आहेत. तुमच्याबरोबरचा कुणी किल्ली काढताना दिसला तर संकोच न करता हात धरा.

पुढचा रस्ता पेरमिली, ताडगाव असा. गावं लहान, अंतरं मोठी. वाटेत पोलिसांची ठाणी आणि मदत केंद्रं दिसतील, कधी गाडी थांबवून विचारपूस होईल. ओळखपत्र जवळ ठेवा, कुठून आलो, कुठं चाललो हे सरळ सांगा. या भागाने नक्षलवादाची चार दशकं पाहिली. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये इथली गावं भरडली गेली. परिस्थिती आता बरीच बदलली आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. तरीही काही पथ्यं पाळावीत. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. पोलीस ठाण्यांचे, जवानांचे फोटो काढू नयेत. ड्रोन घरीच ठेवावा. आणि चहाच्या टपरीवर गावकऱ्याला "इकडे नक्षली दिसतात का हो?" असं विचारू नये. तुम्हाला तो किस्सा असतो, त्याला ते जगणं होतं. रात्री न फिरण्याचं दुसरंही कारण आहे. वाघ-अस्वलं तर आहेतच, पण २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती जिल्ह्यात वावरतात, आणि माणसं दगावण्याच्या घटना घडल्या आहेत. पुढच्या गावात हत्तीची खबर आहे का, हे वनविभागाच्या नाक्यावर विचारायला लाजू नका.

हेमलकशाला संध्याकाळच्या आत पोहोचा. १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन या भागात आले होते, निमित्त सहलीचंच होतं. माडिया गोंडांची अवस्था, माणूस दिसताच जंगलात पळून जाणारी माणसं हे त्यांनी तेव्हा पाहिलं. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडून आले, भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्यासोबत आल्या. झोपडी, कंदील, ना रस्ता ना वीज. डॉक्टरांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, कारण रुग्णच येत नव्हते. १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. त्या शाळेतून शिकून डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस झालेली माणसं आज आहेत. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा चित्रपट आला आणि मग गर्दी वाढली. आता पुढची पिढी काम सांभाळते.

ही गर्दीच आता काळजीची बाब आहे, आणि ती आपल्यासारख्यांचीच असते. प्रकल्प दाखवण्याची पद्धत आहे. कुणी कार्यकर्ता तुम्हाला घेऊन फिरतो, दवाखाना, शाळा, प्राण्यांचा भाग दाखवतो. त्याच्यासोबतच फिरा. दवाखान्यात लोकांचे आजार चाललेले असतात. तिथं कॅमेरा बंद. शाळेतल्या मुलांना खाऊ वाटणं हे पुण्यकर्म नाही. रोज एक बस आली आणि रोज गोळ्या-बिस्किटं वाटली गेली तर त्या मुलांचं काय होईल, याचा विचार करा. द्यायचंच असेल तर कार्यालयात पावती फाडा किंवा काय लागतं ते आधी विचारून आणा. जुने कपडे गाडीत कोंबून नेऊ नका. "आमटेसाहेब भेटतील का?" हे एकदा विचारून बघा, भेटले तर आनंद, नाही भेटले तर नाराजी नको. पांढरी बनियन आणि हाफपँट घातलेला तो माणूस सेल्फीसाठी तिथं बसलेला नाही.

प्राणी अनाथालयाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथं सर्वाधिक गैरसमज होतात. शिकार करून माकड खांद्यावर टाकून चाललेल्या माडियांना डॉक्टरांनी पाहिलं. मेलेल्या आईला पिल्लू बिलगलेलं होतं. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. भुकेने शिकार करणाऱ्याला 'पाप' शिकवण्यापेक्षा त्याला धान्य द्यावं आणि अनाथ झालेली पिल्लं घ्यावीत, असा तो व्यवहार होता. त्यातून बिबटे, अस्वलं, तरस, मगरी, साप, हरणं असा गोतावळा जमला. हे प्राणिसंग्रहालय म्हणून उभं राहिलेलं नाही, त्यामुळे 'बिबट्या बाहेर काढा ना' अशी फर्माईश करू नये, पिंजऱ्यात हात घालू नये, आवाज करू नये. बिबट्याशी खेळणाऱ्या डॉक्टरांचे जुने फोटो पाहून आपल्यालाही तसं जमेल असं काहींना वाटतं. जमत नाही. मुलांना निघण्याआधीच हे समजावून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे जाण्याआधी विलास मनोहरांचं 'नेगल' वाचून घ्या. तिथल्या प्राण्यांबद्दल त्याहून जिव्हाळ्याचं पुस्तक मला माहीत नाही. त्यांचंच 'एका नक्षलवाद्याचा जन्म' आणि डॉक्टरांचं 'प्रकाशवाटा' वाचलं तर भोवतालच्या गावांकडे बघण्याची तुमची नजर वेगळी होईल. गाइडकडून मिळणार नाही अशी तयारी ही तीन पुस्तकं करून देतात.

सकाळी भामरागडला जा, चार किलोमीटरही नाही. इथं पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला मिळतात. पलीकडचा किनारा छत्तीसगडचा. हिवाळ्यात पाणी निवळलेलं असतं, खडक उघडे पडलेले, लाकूड कोरून केलेले डोंगे काठाला बांधलेले. मासे पकडणारे लोक असतात. त्यांच्या कामात मध्ये न येता बघा. पाण्यात उतरू नका. संगमाला ओढ असते आणि वर कुठं पाऊस झाला तर पाणी विचारून वाढत नाही. आठवडी बाजाराचा दिवस साधता आला तर फार बरं. तो कोणता ते प्रकल्पात विचारा. मोह, चारोळी, सुकी मासळी, मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या असं सगळं असतं, आणि डोंगराआडच्या गावांतून कितीतरी तास चालून आलेली माणसं. टोपली घ्यायची असेल तर सांगितली किंमत द्या. पुण्या-मुंबईत कॉफीला जितके मोजतो त्याहून कमी रक्कम असते आणि तरी आपण तिथं घासाघीस करतो, हे मी पाहिलंय आणि मला त्याची शरम वाटली आहे. ओळख करून घेताना "जोहार" म्हणा. फोटोसाठी विचारा, मान हलली तरच काढा. गोंदण आणि दागिने असलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडासमोर लेन्स रोखणारे लोक पाहिले की वाटतं, ताडोब्याची सवय इथंही आली.

गावात शिरून गोटुल बघायचं असं डोक्यात घेऊन काही जण येतात. गोटुल ही गावाची जागा आहे. कुणी बोलावलं, कुणी ओळखीचं सोबत असलं तर जा, एरवी बाहेरून जा. बीनागुंड्याचा धबधबा, कोलामार्काच्या रानम्हशी ही नावंही तुमच्या कानावर येतील. पहिल्या खेपेला ती सोडून द्या. रस्ते आणि अंतरं बघता ती स्थानिक माणूस सोबत घेऊन, वनविभागाशी बोलून करायची ठिकाणं आहेत.

परतीचे दोन पर्याय. हाताशी जास्तीचा दिवस असेल तर आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंचा रस्त्याने कमलापूर गाठा. राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प इथं आहे. सागवानाचे ओंडके ओढणारे हत्ती आता निवृत्तीचं आयुष्य जगतात. २०२२ मध्ये त्यांतले काही गुजरातला हलवायचं ठरलं तेव्हा इथल्या लोकांनीच कडाडून विरोध केला. जानेवारीत साधारण दहा दिवस हत्तींच्या पायांना वनौषधींचा लेप देतात, त्याला चोपिंग म्हणतात, आणि तेवढे दिवस कॅम्प पर्यटकांना बंद असतो. आधी विचारूनच जा. आणखी पुढं सिरोंच्याजवळ वडधमचं जीवाश्म उद्यान आहे आणि प्राणहिता-गोदावरीचा संगम आहे, पण तो रस्ता सध्या कसा आहे ते आलापल्लीतल्या ट्रकवाल्यांना विचारून मगच ठरवा.

दिवस नसेल तर आष्टीहून चामोर्शीकडे वळून मार्कंड्याला जा. वैनगंगा इथं उत्तरवाहिनी होते आणि काठावर शिल्पांनी मढलेली प्राचीन मंदिरं आहेत. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात, ते विशेषण मला आवडत नाही. मार्कंडा मार्कंडाच आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत लाखोंची गर्दी असते, तेव्हा टाळा. एरवी दुपारी मंदिराच्या सावलीत बसायला तुम्ही आणि दोन-चार गुराखीच असाल. तिथून गडचिरोलीमार्गे नागपूर गाठता येतं. दिवाळीनंतरच्या दिवसांत याच वाटेवर कुठल्या तरी गावात झाडीपट्टीचं नाटक लागलेलं असेल. रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. फलक दिसला आणि मुक्कामाची सोय असली तर तिकीट काढा.

शेवटची गोष्ट तब्येतीची, आणि ती घरी परतल्यावरही संपत नाही. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो आणि इथं फॅल्सिपेरम हा धोकादायक प्रकार आढळतो. म्हणून जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा, गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत असेल तर नक्कीच. सोबत मच्छरदाणी, अंगाला लावायचं मलम, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे. रात्री चालताना टॉर्च आणि बंद बूट, कारण साप. नेहमीची औषधं पुरेशी घ्या, वाटेत प्रत्येक गोळी मिळेल असं नाही. परतल्यावर महिनाभरात कधीही ताप आला, थंडी वाजली, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की गडचिरोलीला जाऊन आलोय. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला ते आपणहून सुचेलच असं नाही, आणि हा ताप दोन दिवस वाट बघण्यातला नसतो.